सतरावा प्रश्न

हरिभाऊंची हिरवी फाइल कपाटातून बाहेर आली की खटावकरांचं घर बदलतं, हे प्रभाबाईंना लग्नाच्या पंचेचाळीस वर्षांत पाठ झालं होतं. बापू नगरचं घर घेताना ती निघाली होती, मग शास्त्री नगरचं घेताना. दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील, रविवारी सकाळी ती तिसऱ्यांदा जेवणाच्या टेबलावर आली. हरिभाऊंनी तिच्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि चष्मा लावला. ते जयपूरला विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले त्याला सोळा वर्षं झाली होती. तरी फाइल उघडताना अजून वर्गात शिरल्यासारखा घसा खाकरायचे.

फाइलीत सतरा प्रश्न होते. सोळा टाइप केलेले आणि शेवटचा हाताने लिहिलेला. घराचं तोंड कुठल्या दिशेला? समोरचा रस्ता किती फुटी? मालकीचा पट्टा प्राधिकरणाचा की नुसता सोसायटीचा? कोपऱ्यावर आहे का? पाणी कुठलं? वाचणाऱ्याला वाटावं, काय चौकस माणूस आहे. पण या सगळ्या प्रश्नांच्या पोटात एकच प्रश्न होता: उद्या विकायचं झालं तर हे कोण घेईल? घर बघताना डोळे आपले नसावेत, पुढच्या गिऱ्हाइकाचे असावेत, असं ते मुलांना सांगत आले होते. त्यांच्या वडिलांचं, आप्पासाहेबांचं, साताऱ्याचं घर बोळाच्या टोकाला होतं. ऐन गरजेच्या वेळी वर्षभर लोक बघून गेले, चहा पिऊन गेले, आणि शेवटी ते मातीमोल गेलं. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं. त्या एका वर्षाने हरिभाऊंच्या मनात जी धास्ती बसली ती काही केल्या उठली नाही.

त्या धास्तीचा संसार प्रभाबाईंनी केला होता. शास्त्री नगरच्या या घरात पंचवीस वर्षांत भिंतीला एक खिळा ठोकला गेला नाही. कॅलेंडर फ्रिजला चुंबकाने चिकटवलेलं, देव स्टुलावर, आणि तुळस कुंडीत, कुंडीखाली ताटली, म्हणजे फरशीला डाग नको. इतरांच्या घरी मुलांच्या उंचीच्या रेघा दाराच्या चौकटीवर असतात. पुष्कर आणि सईच्या उंचीच्या खुणा प्रभाबाईंनी एका लांब नाडीला गाठी मारून ठेवल्या होत्या, आणि ती नाडी शिवणाच्या डब्यात होती. स्वयंपाकघरातला ओटा गिऱ्हाइकाला आवडेल त्या उंचीचा. प्रभाबाई चार फूट दहा इंच. म्हणून त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या लाटत आल्या. दोन पाट झिजले, तिसरा चालू होता.

आता त्या पाटावर उभं राहणंच जमत नव्हतं. फुप्फुसं आकसत जाण्याचा आजार होता. नाकाला नळी, आणि दप्तराएवढं ऑक्सिजनचं यंत्र सदा बरोबर. श्रावणात एकदा श्वास लागला तेव्हा गल्लीत दोन्ही बाजूंनी उभ्या गाड्यांमुळे रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली, आणि शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तिथवर नेलं. त्याच आठवड्यात हरिभाऊंनी घर विकायला काढलं. प्रभासाठी काढलं, असं ते सगळ्यांना सांगत. गिऱ्हाईक महिन्यात मिळालं, किंमत मनासारखी आली, आणि डिसेंबरात घर खाली करून द्यायचं ठरलं. प्रभाबाईंनी सुनेला गाठून सरळ विचारलं होतं की माझ्याकडे किती दिवस आहेत. हिमानी स्वतः डॉक्टर. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "उन्हाळ्यापर्यंतचं आपण बघू या, आई."

तर आज नवं घर ठरवायचं होतं. पुष्कर आणि हिमानी गुडगावहून गाडी घेऊन आले होते. सई जयपुरातच शाळेत शिकवायची आणि घटस्फोटानंतर लेकीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. तीही सकाळीच आली. दलाल देवरामजी खाली उभा होता. पाहून पाहून दोन घरं उरली होती, आणि संध्याकाळपर्यंत एकाला बयाणा द्यायचा होता.

पहिलं जगतपुऱ्याकडच्या नव्या टॉवरमध्ये, सातव्या मजल्यावर. पूर्वेचं तोंड, कोपऱ्याचा फ्लॅट, दोन लिफ्ट. हरिभाऊ खांद्यावर प्रभाबाईंचं यंत्र अडकवून, नळीला ताण पडणार नाही अशा बेताने त्यांच्या पावलाला पाऊल लावून चालत होते. त्यात त्यांची कसूर नव्हती. गेले चार महिने रोज सकाळी तेच त्यांची वेणी घालत, वाकडी का होईना. एका हातात ती नळी आणि दुसऱ्या हातात फाइल, असे ते खोलीखोलीतून फिरले आणि प्रत्येक प्रश्नापुढे बरोबरची खूण करत गेले.

सतराव्या प्रश्नाशी आले तसा देवरामजीच हसला. त्याला ती फाइल आता ओळखीची झाली होती.

"साहब, इस पूरे टावर में अभी तक कोई शांत नहीं हुआ है. एकदम कोरा मकान है."

शांत होणं म्हणजे जाणं. या गावात माणूस मेला असं तोंडाने म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. आणि घर घ्यायला येणारा माणूस हटकून विचारतो की या घरात कुणी शांत तर नाही ना झालं? झालं असेल तर काही जण पाणीसुद्धा न पिता उठतात, बाकीचे किंमत पाडून मागतात. हरिभाऊंचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण गिऱ्हाइकाचा आहे ना, मग झालं, असं ते म्हणत. त्यांनी सतराव्यापुढेही खूण केली.

तेवढ्या वेळात सईने यंत्र घेतलं आणि प्रभाबाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. ओटा काळ्या दगडाचा, चकचकीत, त्यांच्या जवळजवळ छातीला लागत होता. खिडकीतून खाली बघितलं तर माणसं ओळखू येत नव्हती.

दुसरं घर सोडाला भागात होतं. तळमजल्याचं, बैठं, पुढे हातभर अंगण. गाडीतून उतरता उतरताच हरिभाऊंचा चेहरा पडला, कारण समोरची गल्ली सरळ येऊन फाटकावर आदळत होती. असा रस्ता अंगावर येणारं घर लोक घेत नाहीत. त्यात तोंड दक्षिणेला. हरिभाऊंनी अंगणातच दोन फुल्या मारल्या. नुसतं बघून जाऊ म्हणून सगळे आत गेले, आणि प्रभाबाई सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या.

त्यांनी ओट्यावर हात टेकले आणि तशाच राहिल्या. तळवे सपाट टेकले होते, कोपरं सुखाने वाकली होती, खांदे खाली होते. पाट नव्हता, टाचा उंच कराव्या लागत नव्हत्या. एवढ्या वर्षांत एकाही ओट्यापाशी त्या अशा उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांना एकदम रडू आलं, आणि रडलं की श्वास लागतो म्हणून त्यांनी ते आवरलं.

घरच्या सूनबाई दारात उभ्या होत्या. प्रभाबाईंनी त्यांना विचारलं, "ये इतना नीचा किसने बनवाया?"

"सासूमाँ ने. मिस्त्री को सामने खड़ा करके, अपने नाप का," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या खोलीकडे बोट करून, दलालाच्या डोळ्यांकडे लक्ष न देता, सरळ मनाने सांगत गेल्या. "यहीं शांत हुईं, इसी कमरे में. आखिर तक खाट पर से पूछती थीं, दाल में हींग डाली कि नहीं."

देवरामजी खोकला. हरिभाऊंनी सतराव्या प्रश्नापुढे फुली मारली आणि फाइल मिटली. प्रभाबाईंनी मात्र त्या खोलीत डोकावून पाहिलं. लहान खोली, पश्चिमेची खिडकी, खाटेच्या पायांचे फरशीवर चार पुसट ठसे. ओट्यापासून तिथवर जेमतेम सहा पावलं. इथे कुणीतरी सगळ्यांच्या देखत, फोडणीचा वास घेत गेलं होतं. म्हणजे इथे जाता येत होतं. हे असं घर जगात असतं, हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर पुढे बापलेकांचं बोलणं चाललं होतं. मागे प्रभाबाई डोळे मिटून बसल्या. सईला वाटलं, थकली. त्या बापू नगरच्या घरात होत्या, एकोणीसशे नव्याण्णवच्या चैत्रात.

सासूबाई अनुसयाबाई तेव्हा तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टर घरी येऊन बघून जायचे. म्हणाले, आता कुठे हलवू नका, वयोमानाने विझत चालल्यात, घरीच सुखाने राहू द्या. अनुसयाबाईंनीही सुनेचा पदर धरून सांगितलं होतं, "प्रभा, मला कुठं नेऊ नका गं. हितंच असू दे." प्रभाबाई म्हणाल्या होत्या, नाही नेणार. त्याच आठवड्यात घर बघायला एक कापडाचा व्यापारी आला. त्याला घर पसंत पडलं, अक्षय्य तृतीयेला खरेदीखत करायचं ठरलं. उठता उठता त्याने तो प्रश्न विचारला, आणि हरिभाऊ म्हणाले, नाही, इथे कुणीही नाही. ते खरंच होतं. ते बोलताना आतल्या खोलीतून अनुसयाबाईंचा खोकला ऐकू येत होता.

बुधवारी सकाळी अकराला रुग्णवाहिका आली. पिशवी प्रभाबाईंनीच भरली. दोन लुगडी, जपमाळ, स्टीलचा पेला. ही पिशवी कशासाठी, हे नवऱ्याने त्यांना सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं. शास्त्री नगरच्या घरात मुलांना वेगळी खोली मिळणार होती, पुष्करचं दहावीचं वर्ष तोंडावर होतं, आणि तो व्यापारी हातचा गेला असता तर सगळंच अडलं असतं. स्ट्रेचर दारातून बाहेर निघताना अनुसयाबाईंनी चौकट धरली. वाळलेली काटकुळी बोटं, पण सुटेनात. ती बोटं एक एक करून प्रभाबाईंनी सोडवली. नवव्या दिवशी दुपारी त्या चहा आणायला खाली गेल्या असताना सासूबाई गेल्या. घर अक्षय्य तृतीयेनंतर आठवड्याने ठरल्या किमतीला विकलं गेलं, आणि शास्त्री नगरचं बघायला जाताना हरिभाऊंनी फाइलीत पेनाने सतरावा प्रश्न लिहिला.

दुपारी शास्त्री नगरला सईने केलेली आमटी आणि भात वाढून घेऊन सगळे टेबलाशी बसले, आणि बोलणं सुरू झालं. पुष्करने पहिल्या घासालाच फ्लॅटची बाजू घेतली. त्याचं मराठी शाळेच्या हिंदीत वाढलेलं. मतलब, लिफ्ट आहे, सिक्युरिटी आहे, पुढे किंमत वाढणारच, यात सोचायचं काय? सई म्हणाली, आईला सोडाल्याचं आवडलंय, तिचा चेहरा बघितलात का तिथे? हिमानी आधी सईच्या बाजूने झाली. तळमजला बरा, लिफ्ट बंद पडली तर सातव्या मजल्यावर यंत्राची बॅटरी किती वेळ पुरणार, असं तिचं म्हणणं. पुष्कर बायकोवर चिडला. हरिभाऊ कुणावरच चिडले नाहीत. त्यांनी कागदावर मधोमध रेघ मारली, दोन्ही घरं दोन बाजूंना लिहिली आणि गुणदोष मांडत गेले. फळ्यापाशी उभे असल्यासारखा त्यांचा आवाज शांत होता. सोडाल्याच्या बाजूला लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतंच.

प्रभाबाईंनी ताट पुढे सारलं. "अहो, मला सोडाल्याचं घर हवंय," त्या म्हणाल्या.

घराच्या बाबतीत त्या असं काही म्हणाल्याचं टेबलाशी बसलेल्या कुणालाच आठवत नव्हतं. हरिभाऊंनी पेन खाली ठेवलं.

"प्रभा, अगं ते पुढं कोण घेईल?"

"तिथं आधीच कुणी गेलंय," प्रभाबाई म्हणाल्या. मध्ये थांबून त्यांनी श्वास घेतला. "माझ्यानं त्याची किंमत आणखी उतरायची नाही."

पुष्करचा हात ताटात तसाच राहिला. हिमानीने मान खाली घातली. सई म्हणाली, आई, हे काय बोलतेस? हरिभाऊ घाईघाईने म्हणाले की तुला काही होत नाही, नवीन गोळ्या सुरू झाल्यात, ऊन वाढलं की तुला बरं वाटेल. स्वतःच्याच बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही हे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आईंना का नेलं ते मला ठाऊक आहे," प्रभाबाई म्हणाल्या. "पिशवी मीच भरली होती."

"कुठली पिशवी?" सईने विचारलं. मग तिला आणि पुष्करला ते सगळं पहिल्यांदा कळलं. आजी हॉस्पिटलात गेली एवढंच ते इतकी वर्षं समजून होते. हरिभाऊ म्हणाले, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलं होतं, असं प्रभाबाई म्हणाल्या, अगदी हळू. हरिभाऊंनी नाकारलं नाही. ते उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "घर अडकलं असतं. साताऱ्याला काय झालं ते मी पाहिलं होतं. ही दोघं वाढत होती, प्रभा. मी दुसरं काय करायला हवं होतं?" हे ते खरंच विचारत होते.

त्यानंतर बोलणं विस्कटलं. हिमानीने डॉक्टर म्हणून एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज नेहमीसारखा राहिला नाही. या आजारात शेवटचे दिवस श्वासाचे असतात, घरी ते निभत नाहीत, घरातली माणसं घाबरून जातात आणि शेवटी धावपळ करून हॉस्पिटलच गाठावं लागतं. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही, आई, घर कुठलंही घेतलं तरी ते असंच होईल. म्हणजे हिमानी आता मधे उभी होती, आणि मधे उभा राहिलेला माणूस शेवटी कुठे झुकतो ते प्रभाबाईंना माहीत होतं. राहिली सई.

सई भांडी घासायला उठली, तशा प्रभाबाई हळूहळू तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या आणि पाटावर बसल्या. त्यांना वाटलं, लेकीला चार शब्द सांगावेत, म्हणजे ती बापाशी नेटाने बोलेल. सईची पाठ त्यांच्याकडे होती. पाणी बंद करून तिने बोलायला सुरुवात केली, पण वळली नाही.

"आई, नवीन घर बाबा माझ्या नावाने करणारेत. पुष्करदादाला गुडगावचं आहे म्हणून. मला परवाच सांगितलं त्यांनी."

"बरं झालं की."

"मी जयपूरला नाही राहू शकणार गं. म्हणजे, नंतर. ओवीला पुण्याला घालायचंय, मला तिथे शाळेत जागा मिळतेय. ते घर मला विकावंच लागेल, आणि लगेच. माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये." ती ओट्याची कड धरून उभी होती. "सोडाल्याचं कुणी घेतलं नाही तर मी काय करू, आई?"

प्रभाबाईंना लेकीचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, काहीतरी धरायला मिळालं असतं. ओवी तेरा वर्षांची, भाड्याच्या खोलीत पलंगावर बसून अभ्यास करते. पुष्करही तेव्हा जवळजवळ तेवढाच होता. आपण बोटं सोडवली तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे मुलंच होती. आता या पोरीच्या डोळ्यांपुढे तिचं मूल असेल तर तिचं काय चुकलं? त्यांचा शेवटचा आधार गेला होता आणि तो काढून घेणाऱ्याला दोष देण्याचीही सोय राहिली नव्हती.

"रडू नकोस. साबणाचा हात डोळ्याला लागेल," त्या म्हणाल्या.

बाहेर जाऊन त्यांनी हरिभाऊंना सांगितलं, फ्लॅट घ्या. हरिभाऊंनी विचारलं, नक्की ना? मनापासून ना? त्यांना होकार हवा होता आणि होकार मिळाल्यावर त्यांचा चेहरा आणखीच उतरला. पुष्करने देवरामजीला फोन लावला. चार वाजता तो पेढे घेऊन आला आणि प्रभाबाईंच्या पाया पडला. माताजींच्या पायगुणाने घर सोन्यासारखं वाढेल, असं काहीसं तो म्हणाला.

डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात ते सातव्या मजल्यावर राहायला गेले. सामान वर चढवणाऱ्या माणसांना हरिभाऊ दारातच बजावत होते, भैया, दीवार बचाके, कील कहीं नहीं ठोकनी है. नवं कॅलेंडर फ्रिजवर आलं, देव स्टुलावर बसले, तुळशीच्या कुंडीखाली ताटली गेली. पुष्कर आणि सई दुपारपर्यंत खोकी उघडत होते, मग आपापल्या कामाला निघून गेले. घरात दोघंच उरले.

हरिभाऊ एक पुडकं घेऊन प्रभाबाईंपुढे आले. आत नवा पाट होता, सागवानी, गुळगुळीत. चार पायांना त्यांनी बाजारातून रबर आणून स्वतः चिकटवलं होतं, फरशीला चरे पडू नयेत म्हणून. "जुना डगमगत होता. तुझा तोल जाईल," ते म्हणाले. प्रभाबाईंना पाटावर उभं राहून तीन महिने झाले होते आणि यापुढे त्या राहणार नव्हत्या, हे दोघांनाही माहीत होतं. त्यांनी पाटावरून हात फिरवला आणि चांगला आहे म्हणाल्या. एवढा जीव लावणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कुठून सुरू करायचं, ते त्यांना उभ्या जन्मात समजलं नाही.

मग त्यांनी आपल्या पलंगाखालून निळी कापडी पिशवी ओढून काढली. शास्त्री नगरला, खोकी भरली जात असताना, त्यांनी ती भरून ठेवली होती. दोन गाऊन, एक शाल, औषधांची यादी, स्टीलचा पेला, आणि मुलांच्या उंचीच्या गाठी असलेली ती नाडी. तासाभराचं काम असल्यासारख्या त्या थांबत थांबत, भिंतीला हात न लावता, दिवाणखान्यातून गेल्या आणि पिशवी बाहेरच्या दाराशी, भिंतीला टेकवून ठेवली. नव्या घरात त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेली ती पहिली वस्तू. हरिभाऊ यंत्र घेऊन मागे उभे होते.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"वेळेवर शोधाशोध नको. आणि काळजी करू नका, मी चौकट धरणार नाही."

हरिभाऊंच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या, आणि एकदा त्यांनी प्रभाबाईंकडे हात नेला आणि मागे घेतला. प्रभाबाई खुर्चीत टेकल्या आणि वाट बघत राहिल्या. कशाची, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. हा माणूस आता ती पिशवी उचलून आत नेऊन ठेवील, एवढंच कदाचित.

हरिभाऊ गुडघ्यावर हात देऊन कण्हत खाली वाकले. पिशवीचे बंद त्यांनी धरले, क्षणभर तसेच थांबले, आणि नव्या रंगाला डाग पडू नये म्हणून ती भिंतीपासून बोटभर पुढे सरकवली.